मोजणी आणि उजळणी : बालवाडीतील संख्याबोधाची प्रस्तावना

एखाद्या लहान मुलाला ‘मोजता येते’ असे घरात किंवा बालवाडीत म्हटले जाते, तेव्हा त्याला एकपासून वीसपर्यंत, फार तर शंभरपर्यंतचे शब्द न अडखळता म्हणता येतात, एवढाच त्याचा अर्थ बहुधा असतो. आणि बालवयातील गणिताविषयीचे बरेचसे गैरसमज या एका शब्दप्रयोगाच्या आडोशाला वाढलेले आहेत. मराठीत या दोन गोष्टींसाठी दोन वेगळे शब्द पूर्वापार आहेत. शब्द ठरलेल्या क्रमाने पुन्हापुन्हा म्हणणे म्हणजे उजळणी, आणि समोरच्या वस्तू किती आहेत हे ठरवणे म्हणजे मोजणी. जुन्या शाळेत अंकलिपी हातात आली की उजळणी सुरू होई, संध्याकाळी घरोघर परवचा म्हटला जाई, आणि पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढेही मुलांच्या जिभेवर चढत. त्या पद्धतीने अनेक पिढ्यांना व्यवहारी हिशेब दिला, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्या पिढ्यांतील मूल उजळणीला बसण्याआधी खळ्यावर, गोठ्यात, चुलीपुढे आणि अंगणातल्या खेळात रोज मोजत होते, ही बाब पाठांतराचे गोडवे गाताना विसरली जाते. आज अंगण आक्रसले आहे, खळे नजरेआड गेले आहे आणि उजळणी तेवढी राहिली आहे. म्हणून मोजणीचा जो अनुभव पूर्वी घर देत असे, तो जाणीवपूर्वक देण्याची जबाबदारी आता बालवाडीवर आली आहे.

पुढील विवेचनात तीन संज्ञा वारंवार येतील, तेव्हा त्यांतील भेद आधीच स्पष्ट केलेला बरा. ‘संख्या’ हा समूहाचा गुण आहे; पाच चिंचोके, पाच मुले आणि पाच टाळ्या यांच्यात रंग, आकार, वजन असे काहीही समान नसताना जे एक समान उरते, ती पाच ही संख्या. तो गुण डोळ्यांना थेट दिसत नाही, त्यामुळे लाल किंवा गोल हे शब्द शिकवावेत तसा ‘पाच’ हा शब्द बोट दाखवून शिकवता येत नाही. त्या गुणाला बोलताना दिलेले नाव म्हणजे ‘संख्यानाम’, आणि लिहिताना वापरलेली खूण म्हणजे ‘अंक’. मुलाच्या वाढीत या तिन्ही गोष्टी एकाच वेळी येत नाहीत. नाव सर्वांत आधी येते, कारण ते कानावर पडते. खूण हाताला वळण लागले की येते. आणि संख्या, जिच्यासाठी हा सारा खटाटोप, ती सर्वांत सावकाश येते. बालवाडीतील घाई नेमकी पहिल्या दोन गोष्टींची असते, कारण त्या ऐकू येतात आणि पाटीवर दिसतात.

मोजणीची क्रिया जवळून पाहिली, तर तिच्यात किती कौशल्ये गुंफलेली आहेत हे कळते. सतरंजीवर सात चिंचोके विखरून ठेवले आणि साडेतीन वर्षांच्या मुलाला ते मोजायला सांगितले, की मूल बोट टेकवत एक, दोन, तीन म्हणू लागते. कधी जीभ बोटाच्या पुढे धावते आणि एका चिंचोक्यावर दोन शब्द खर्च होतात, कधी बोट पुढे सरकते आणि शब्द मागे राहतो, तर कधी कडेचा चिंचोका दोनदा मोजला जातो आणि मधला एक तसाच सुटतो. हे सारे जमले, मुलाने ‘सात’पर्यंत बिनचूक मोजले, आणि लगेच ‘मग किती आहेत?’ असे विचारले, तर बरीच मुले उत्तर न देता पुन्हा पहिल्या चिंचोक्यापासून मोजू लागतात. हे पुन्हा मोजणे फार महत्त्वाचे आहे. शेवटी उच्चारलेला ‘सात’ हा केवळ शेवटच्या चिंचोक्याचा नसून सगळ्या चिंचोक्यांचा मिळून आहे, हे त्या मुलाला अजून उमगलेले नाही. त्याच्या दृष्टीने ‘किती?’ हा प्रश्न म्हणजे मोजण्याची क्रिया पुन्हा करून दाखवण्याची सूचना आहे.

रॉशेल गेलमन आणि सी. आर. गॅलिस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मोजणीमागची पाच तत्त्वे मांडली, आणि त्यानंतरचा या विषयावरील बहुतेक विचार त्या चौकटीत किंवा त्या चौकटीशी वाद घालत झाला. प्रत्येक वस्तूला एक आणि एकच शब्द मिळाला पाहिजे, हे एकास-एक संगतीचे तत्त्व. शब्दांचा क्रम दर वेळी तोच असला पाहिजे, हे स्थिर क्रमाचे तत्त्व. आणि शेवटचा शब्द पूर्ण समूहाची संख्या सांगतो, हे समूहसंख्येचे तत्त्व. उरलेली दोन तत्त्वे अशी, की मोजायच्या वस्तू कोणत्याही असू शकतात, टाळ्या किंवा उड्यांसारख्या क्षणात विरून जाणाऱ्याही. आणि मोजायला सुरुवात कोणत्याही टोकाकडून केली तरी संख्या बदलत नाही. यांपैकी तिसरे तत्त्व हा खरा उंबरठा आहे. मूल तो ओलांडून आले की नाही, हे ‘मोजून दाखव’ म्हटल्याने कळत नाही. ‘या टोपलीतून मला चार चिंचोके दे’ म्हटल्यावर कळते. कॅरेन विन यांनी १९९० च्या सुमारास याच प्रकारच्या कामांवरून दाखवून दिले, की दहापर्यंत सफाईने म्हणणारे मूल ‘चार दे’ म्हटल्यावर मूठभर उचलून देऊ शकते. आधी त्याला फक्त ‘एक’ कळतो, काही महिन्यांनी ‘दोन’, मग ‘तीन’, आणि त्यानंतर केव्हातरी, साधारण साडेतीन-चार वर्षांच्या आसपास, मोजणीचा एकूण अर्थच त्याच्यापुढे उलगडतो. त्यानंतर पाच, सहा, सात प्रत्येकी वेगळे शिकवावे लागत नाहीत. या काही महिन्यांच्या संथ वाटचालीला बालवाडीच्या वेळापत्रकात जागा नसणे, ही या विषयातील सर्वांत मोठी उणीव आहे.

जाँ पियाजे यांनी १९४१ साली मांडलेला संख्या-अक्षय्यतेचा, म्हणजे वस्तू पसरल्या किंवा जवळ आणल्या तरी त्यांची संख्या तीच राहते या जाणिवेचा, विचार येथे थोडक्यात नोंदवणे पुरे. समोरासमोर मांडलेल्या खड्यांच्या दोन रांगांपैकी एक लांबवली की पाच वर्षांचे मूलही ‘यात जास्त’ म्हणते, हे निरीक्षण खरे आहे; परंतु मार्गारेट डोनाल्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे दाखवले, की प्रश्न कसा आणि कोणत्या प्रसंगात विचारला जातो यावरही उत्तर पुष्कळ अवलंबून असते. मोठे माणूस मुद्दाम रांग लांबवून तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारते, तेव्हा आपले आधीचे उत्तर चुकले असावे असे मुलाला वाटते. बालवाडीताईंनी यातून घ्यायचे ते एवढेच, की मुलाच्या चुकीच्या उत्तरामागे पुष्कळदा प्रश्नकर्त्याच्या चेहऱ्याचे वाचन असते.

नाशिकमध्ये या विषयाचा विचार करताना पांडवलेण्यांकडे पाहिल्यावाचून पुढे जाता येत नाही. शहराच्या दक्षिणेला त्रिरश्मी डोंगरावरच्या या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा जो शिलालेख आहे, त्यात भिक्षुसंघासाठी ठेवलेल्या तीन हजार कार्षापणांचा हिशेब कोरलेला आहे: दोन हजार गोवर्धन येथील विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक या व्याजाने, आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. त्या प्राकृत लेखात ‘पाऊण’साठी ‘पायून’ हा शब्द येतो आणि दोनसाठी ‘बे’ येतो, जो आजही बेच्या पाढ्यात जसाच्या तसा उभा आहे. बालशिक्षणाच्या दृष्टीने मोलाची गोष्ट ही, की लेख कोरणाऱ्याने दोन हजार हे शब्दातही कोरले आणि चिन्हातही कोरले. नाव आणि खूण शेजारीशेजारी ठेवली. ती चिन्हेही बोलकी आहेत. ब्राह्मी लिपीत एकसाठी एक आडवी रेघ, दोनसाठी दोन आणि तीनसाठी तीन रेघा आहेत; म्हणजे वस्तूमागे एक रेघ ओढण्याची आदिम मोजणी तिथे अजून शिल्लक आहे. चारपासून मात्र वेगळ्या आकृत्या सुरू होतात, आणि दहा, वीस, सत्तर, शंभर, हजार यांना स्वतंत्र चिन्हे आहेत. शून्य नाही आणि स्थानावरून किंमत ठरवण्याची पद्धतही नाही.

दगडावर एवढा काटेकोर व्याजाचा हिशेब मांडणाऱ्या समाजाच्या लिखाणात शून्य आणि स्थानिक किंमत रुळायला पुढे काही शतके लागली. शून्याचे वर्तुळ आणि दशक-एकक ही मानवी बुद्धीची फार उशिराची, फार अवघड कमाई आहे. ती साडेचार वर्षांच्या मुलाने रेघी वहीत १० ते ५० लिहून आठवड्याभरात आत्मसात करावी, ही अपेक्षा अज्ञानातून येते आणि तिचा त्रास मुलाला होतो. याउलट रेघांची खूण मुलाला चटकन आपलीशी वाटते. आज हजर असलेल्या मुलांइतक्या रेघा खडूने फरशीवर ओढणे, खिचडीच्या वाट्यांमागे एकेक रेघ काढणे आणि शेवटी त्या रेघा मुलांशी जुळवून पाहणे, हे लेखनच आहे, आणि अंकलेखनाची खरी पूर्वतयारीही तीच आहे.

मराठी संख्यानामांचा प्रश्न वेगळ्या विस्ताराचा आहे. एक ते दहा ही नावे कोणत्याही भाषेत पाठच करावी लागतात. चिनी आणि अमेरिकन मुलांची तुलना करणाऱ्या अभ्यासांत दहापर्यंत दोघांत विशेष फरक आढळला नाही, तो पडला दहाच्या पुढे, कारण चिनी भाषेत अकरा म्हणजे सरळ ‘दहा-एक’ आहे. मराठीत अकरा, बारा, तेरा यांच्यात दहा दडलेला आहे, पण तो मुलाला दिसत नाही. शिवाय पंचवीसमध्ये आधी पाच ऐकू येतो आणि मग वीस, तर लिहिताना आधी २ येतो. त्यामुळे ऐकून लिहिणारे मूल ५२ लिहून मोकळे होते. त्यातच एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत प्रत्येक दशकाआधीची संख्या ‘एक उणे’ या वजाबाकीच्या भाषेत बोलते, आणि नव्याण्णवला पोचल्यावर तीही रीत मोडते. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’च्या जोडीने ‘वीस सात’ अशी फोड देण्यात आली, तेव्हा वर्तमानपत्रांपासून विधिमंडळापर्यंत वाद झाला, आणि गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांना त्यामागची भूमिका पुन्हापुन्हा समजावून सांगावी लागली. त्या वादात भाषेच्या सौंदर्याविषयीची कळकळ खरी होती. परंतु प्रश्न जोडाक्षरे आणि अनियमित नावे यांच्यात अडखळणाऱ्या मुलाचा होता, याकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले. ‘सत्तावीस’ टिकलाच पाहिजे, आणि तो टिकवायचा तर त्याच्या आत वीस आणि सात आहेत हे मुलाला एकदा मोकळेपणाने दाखवलेही पाहिजे. बालवाडीपुरते बोलायचे तर हा वाद दारापर्यंतही येऊ नये, कारण बालवाडीचे खरे क्षेत्र दहापर्यंतचे आहे.

दहाच्या पुढचे बीज मात्र नाशिकच्या बाजारात सहज सापडते. मेथी आणि कोथिंबीर येथे जुडीने विकली जाते आणि बाजार समितीत तिचे भाव शेकडा जुड्यांवर निघतात. केळी डझनाने येतात. अनेक मिळून ‘एक’ होतो आणि मग त्या ‘एका’लाही मोजता येते, ही दशकाची मूळ कल्पना जुडीत आहे. काड्यांची दहाची जुडी दोऱ्याने बांधताना मुलाच्या हाताला जे कळते, ते पुढे पहिलीत दशक या शब्दाचा आधार होते. धान्य मापताना पहिल्या मापाला ‘एक’ न म्हणता ‘लाभ’ म्हणण्याची रीतही खेड्यांतून अजून ऐकू येते, आणि विटीदांडूत तर ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असे तेलुगू-कन्नडशी नाते सांगणारे शब्द मोजण्यासाठी वापरले जातात. विटी जिथे पडली तिथपासून दांडूने अंतर मोजत येताना जो शब्द शेवटी येतो, त्यावरून पुढचा टोला कोणत्या पद्धतीने मारायचा हे ठरते. म्हणजे शेवटच्या शब्दाला सगळ्या मोजणीचे वजन असते हे समूहसंख्येचे तत्त्व त्या खेळाच्या नियमातच बसवलेले आहे. सागरगोटे, कवड्या, सोंगट्या यांच्या खेळांत एका नजरेत दोन-तीन-चार ओळखण्याची सवयही अशीच न शिकवता लागते.

स्थानिक वस्तूंतून शिकवण्याचा हा विचार महाराष्ट्राला परका नाही. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाच्या उभारणीत असलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर उभ्या राहिल्या, आणि ते काम पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्त्यांमध्ये रुजले. मारिया मॉंटेसरी यांच्या साधनांत मोजणीचा क्रम फार विचारपूर्वक बसवलेला आहे: आधी लांबीने वाढत जाणारे दांडे, मग बोटाने गिरवायचे खरखरीत अंक, मग सुट्या चात्या मोजून ज्या खणात ठेवायच्या ती पेटी, जिचा शून्याचा खण रिकामाच राहतो. ताराबाईंनी तो क्रम जाणून घेतला आणि महागडी साधने बाजूला ठेवून खडे, शिंपले, बिया, पाने, फुले यांच्यावर तो उभा केला. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात गेली पाहिजे, हा त्यांचा आग्रह ‘अंगणवाडी’ या नावातच दिसतो. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे ते नाव देशभर गेले. कोसबाड ज्या डहाणू तालुक्यात आहे, त्याच डहाणूत १९०५ साली दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर जन्मले आणि १९३० ते १९६२ या काळात नाशिकजवळ देवळालीच्या शाळेत शिक्षक राहिले. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घेऊन तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत गेल्यास सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येते, हा त्यांचा शोध जगभर गाजला. संख्यांशी खेळणे ही मोठ्या गणिताची पहिली अट आहे, याची साक्ष नाशिककरांना दूर शोधावी लागत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा एकसंध पायाभूत टप्पा मानला, आणि ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने संख्याज्ञानाला वाचनाच्या बरोबरीने स्थान दिले. कागदावरची दिशा योग्य आहे. तिची कसोटी मात्र पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर या तालुक्यांतील पाड्यांवर लागते, जिथे मुलाच्या घरी कोकणी, वारली किंवा महादेव कोळी समाजाची बोली असते आणि अंगणवाडीत प्रमाण मराठी. मालेगावात पुष्कळ मुलांसाठी तोच प्रश्न उर्दूच्या रूपाने उभा असतो. मोजणीची समज एका भाषेत आली की दुसऱ्या भाषेत ती पुन्हा मिळवावी लागत नाही, फक्त नावे नवी शिकावी लागतात. म्हणून ज्या शब्दांत मूल घरी मोजते त्याच शब्दांत अंगणवाडीत मोजू देणे, यात वेळेची बचतच आहे. शहरातील इंग्रजी माध्यमाच्या शिशुवर्गात अडचण उलट्या बाजूने येते. तिथे घरात ‘चार पोळ्या’ ऐकणारे मूल शाळेत वन ते हंड्रेड म्हणते, आणि ‘फोर’ म्हणजे पोळ्यांचाच चार, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. पालकांची वही भरलेली पाहण्याची इच्छा समजण्यासारखी आहे, कारण भरलेली वही हाच त्यांना मिळणारा एकमेव पुरावा असतो. त्यांना दुसरा पुरावा दाखवणे हे शाळेचे काम आहे.

या पुस्तकाची मर्यादा त्यामुळे हेतुतः दहापर्यंत ठेवली आहे, आणि त्यातही शून्याला शेवटचे स्थान आहे. सहा वाट्यांत चिंचोके वाटून झाल्यावर एक वाटी रिकामी राहते, तेव्हा ‘यात किती?’ या प्रश्नावर मूल आधी ‘काहीच नाही’ म्हणते, मग काही दिवसांनी ‘एकही नाही’ म्हणते. या दोन उत्तरांतले अंतर मोठे आहे. दुसऱ्या उत्तरात मोजणी आली आहे. त्या वाटीशेजारी ० ही खूण ठेवायची ती तेव्हा, त्याआधी नाही. प्रकरणांची मांडणीही शाळेच्या महिन्यांनुसार न करता मुलाच्या अशा उत्तरांनुसार केली आहे, कारण द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी आणि निफाडच्या बागांवर मजुरीला जाणाऱ्या कुटुंबांतील मूल जानेवारीत जाते आणि एप्रिलमध्ये परतते, आणि महिन्यांवर बेतलेला कोणताही अभ्यासक्रम त्याला प्रत्येक वेळी मागे टाकतो. बागेतही ते मूल रिकामे नसते. आई घड तोडून क्रेटमध्ये ठेवते, भरलेले क्रेट बांधावर एकावर एक चढतात, आणि संध्याकाळी मुकादम ते मोजतो तेव्हा शेजारी उभे राहून मूल ऐकत असते. परतल्यावर अंगणवाडीताईने त्याला आधी विचारायचे ते हेच, की तिथे किती क्रेट होते आणि ते त्याने कसे मोजले.